56 अंश उत्तरेचं ग्रीनहाऊस: हीटर लावूनही न वाढलेल्या पालकाची केस

आधी परिस्थिती सांगतो. काचेचं ग्रीनहाऊस, 8 बाय 12 फूट, ॲल्युमिनियमची फ्रेम, लांब बाजू दक्षिणेला तोंड करून. आत दोन वाफे, एक दक्षिणेच्या काचेला लागून, दुसरा उत्तरेच्या, आणि मधे जेमतेम एक माणूस फिरेल एवढी वाट. जागा 56 अंश उत्तर अक्षांशावर, पण समुद्र जवळ, त्यामुळे थंडी अगदी भयानक म्हणावी अशी नाही, हिवाळ्यात रात्री उणे 4-5, एखाद्या रात्री उणे 8. मालक म्हणजे नात्यातले काका-काकू, दोघंही रिटायर्ड, हौस दांडगी, उन्हाळ्यात टोमॅटो-काकडी इतकी काढतात की वाटून संपत नाही. रडगाणं फक्त हिवाळ्याचं.

तर व्हायचं काय, ऑक्टोबरच्या मध्याला टोमॅटो उपटायचे, माती हलवून घ्यायची, कंपोस्ट टाकायचं आणि दोन्ही वाफ्यांत पालक, लेट्यूस, कोथिंबीर पेरायची. उगवण झकास. नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सगळं वर आलेलं, दोन बीजपानं, त्यांच्यामधे एखादं खरं पान, आणि मग जे थांबायचं ते थांबायचंच. डिसेंबरमधे तेवढंच, जानेवारीत तेवढंच. एका वर्षी काकांनी वैतागून 2 किलोवॅटचा फॅन हीटर आणला, थर्मोस्टॅट 10 वर लावला, काचेला आतून बबल रॅप चिकटवला. पालक तरी तसाच, लेट्यूस उलट लांबट आणि फिकट होऊन आडवं पडलं. जानेवारीअखेर बिल आलं आणि हीटर बंद झाला. मग फेब्रुवारीच्या शेवटी पालक एकदम सुटला, मार्चमधे तर रोज बघावं तर नवं पान.

काकांचा निष्कर्ष असा की मार्चमधे ऊब आली म्हणून वाढ झाली, म्हणजे ऊब कमी पडत होती, म्हणजे मोठा हीटर हवा. काकूंचं म्हणणं बीच जुनं होतं. मला विचारलं ते मोठा हीटर कुठला घ्यावा हे विचारायला, खरं तर.

बियाण्यावरचा आरोप लगेच सुटतो, कारण तेच बी उगवलंही आणि मार्चमधे वाढलंही. मातीचंही तेच. राहिली थंडी. काका तसे शिस्तीचे, किमान-कमाल तापमानाचा थर्मामीटर लावलेला आणि वहीत रोजची नोंद, ती वही या केसमधे फार कामाला आली. नोव्हेंबरअखेर ते जानेवारी: आत रात्री 9-10 अंश, हीटर चालू, वाढ शून्य. फेब्रुवारीचा शेवट: हीटर बंद, आत रात्री 1-2 अंश, एकदोनदा तर शून्याखाली, आणि वाढ सुरू. म्हणजे जास्त थंडीत पालक वाढला आणि कमी थंडीत बसून राहिला. ही दोन पानं काकांसमोर शेजारी-शेजारी धरली तेव्हा ते जरा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, “अरे, मग हीटर कशाला लावला होता मी?”

उजेडाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. यात काका-काकूंचा दोष नाही, ज्यांचं लहानपण 20 अंशांच्या आसपासच्या अक्षांशावर गेलंय त्यांना हिवाळ्यातला दिवस 11 तासांच्या फारसा खाली जाताना कधी दिसलेलाच नसतो, तिकडे हिवाळा म्हणजे उलट भाजीचा सीझन. 56 अंशांवर 21 डिसेंबरचा दिवस असतो साधारण 7 तासांचा, आणि भर दुपारी 12 ला सूर्य क्षितिजाच्या वर किती, तर साडेदहा अंश. हात लांब करून मूठ धरली तर एक मूठभर, बस. डिसेंबरात दिवसभरात मिळणारी सूर्याची ऊर्जा जूनच्या दहाव्या हिस्स्याइतकीही नसते.

अमेरिकेच्या मेन राज्यात एलियट कोलमन नावाचे शेतकरी आहेत, फोर सीझन फार्म त्यांचं, हीटरशिवाय हिवाळी भाजी काढण्यात त्यांनी आयुष्य घातलं. त्यांचा ठोकताळा असा की दिवस 10 तासांपेक्षा लहान झाला की पालेभाजी वाढायची जवळजवळ थांबते, मरत नाही, थांबते. त्यांनी हे ताडलं त्याला एक छान कारण आहे, मेनमधलं त्यांचं शेत आणि दक्षिण फ्रान्स दोन्ही साधारण 44 अंशांवर, थंडीत जमीन-अस्मानाचा फरक पण उजेड सारखा, आणि फ्रान्समधे तर हिवाळ्यात भाजी निघते! म्हणजे उजेड पुरतोय, फक्त थंडीपासून झाकायचं बाकी आहे. आता 44 अंशांवर हा 10 तासांखालचा काळ साधारण नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, तीन महिने. आमच्या 56 वर तो ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात संपतो, चार महिने. काका पेरत होते 15 ऑक्टोबरला. म्हणजे दार बंद व्हायला आठवडा असताना. फेब्रुवारीअखेर पालक का सुटला हेही यातच आलं.

बरं, हीटरने नुसता फायदा झाला नाही असं नाही, तोटा झाला. झाड दिवसा उजेडात साखर बनवतं आणि श्वसनात ती चोवीस तास खर्च करतं, आणि तापमान 10 अंशांनी वाढलं की श्वसनाचा वेग साधारण दुप्पट होतो. सात तासांच्या मिणमिणत्या उजेडात कमाई कसली, त्यात रात्रभर उबेत ठेवून खर्च वाढवला. लेट्यूस लांबट, फिकट होऊन पडलं ते यामुळे. अंधारात गारवाच बरा.

आकडेही बघून टाका एकदा. या आकाराच्या ग्रीनहाऊसला सगळी मिळून साधारण 30 चौरस मीटर काच असते, एकेरी काचेतून दर चौरस मीटरला दर अंशामागे 6 वॅटच्या आसपास उष्णता बाहेर जाते, म्हणजे बाहेरच्यापेक्षा 10 अंश जास्त ठेवायचे तर 1800 वॅट सतत. चोवीस तासांचे 43 युनिट. फटींमधून जाणारी हवा धरली नाहीये अजून. लोक 200 लिटरचा काळा पिंप पाण्याने भरून ठेवायला सांगतात, तो रात्रीत 5 अंशांनी थंड झाला तर सव्वा युनिटसुद्धा उष्णता देत नाही. आणि कुंडीखाली मेणबत्ती लावायचा जो व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय, ती चहाच्या मेणबत्तीएवढी ज्योत 30-40 वॅटची असते, हिशोब ज्याचा त्याने करावा.

मग दुपारी 12 ला ग्रीनहाऊसमधे जाऊन उभं राहिलो, डिसेंबरमधे, ऊन पडलेलं असताना. हे सगळ्यांनी करावं खरंच. दक्षिणेला 5 मीटरवर कुंपणाची झाडी होती, 2 मीटर उंच, दाट, सदाहरित. तिची सावली काचेवर बरोबर माझ्या कमरेपर्यंत आलेली. साडेदहा अंशांच्या उन्हात 2 मीटरच्या कुंपणाची सावली पावणेअकरा मीटर लांब पडते, त्यामुळे काचेवर मीटरभर उंचीपर्यंत सावलीच. वर छताला ऊन, मागच्या काचेला ऊन, हीटरच्या वायरला ऊन, आणि खाली दोन्ही वाफ्यांना एक किरण नाही! उन्हाळ्यात हेच कुंपण कुणाच्या डोळ्यात येत नाही कारण तेव्हा सूर्य 57 अंशांवर असतो, सावली सव्वा मीटरच. त्यात काचेच्या जोडांवर शेवाळाचे हिरवे पट्टे, वर बबल रॅप. ग्रीनहाऊसवाल्या डच लोकांमधे एक टक्का उजेड कमी तर साधारण एक टक्का पीक कमी असा जुना हिशोब चालतो, इथे किती टक्के गेले असतील देव जाणे.

उपाय ठरवताना पहिलं काम कुंपण. काकूंना ते अजिबात पटत नव्हतं, रस्त्यावरून घर दिसतं म्हणे, शेवटी तडजोड म्हणून फक्त ग्रीनहाऊससमोरचा भाग सव्वा मीटरच्या जरा खाली आणला. तेवढ्यानेही पुढचा, म्हणजे दक्षिणेचा वाफा डिसेंबरात सावलीतच राहतो पण ऊन मागच्या अर्ध्या भागात जमिनीपर्यंत पोचतं. तेव्हा ठरलं की हिवाळी भाजी उत्तरेच्या वाफ्यात. सप्टेंबरमधे काच आतून-बाहेरून धुतली, नुसतं पाणी आणि मऊ ब्रश, जोडांमधलं शेवाळ जुन्या प्लॅस्टिक कार्डाने खरवडून. बबल रॅप काढला. हीटर अडगळीत.

दुसरं आणि खरं काम म्हणजे पेरणी मागे नेणं. ऑक्टोबरचा तिसरा आठवडा ही डेडलाइन धरायची, त्या दिवशी भाजी खुडायला तयार पाहिजे, आणि तिथून उलटं मोजायचं. पाकिटावर 45 दिवस लिहिलंय ना, ते वसंतातले, दिवस वाढत असतानाचे, शरदात त्यात दोनेक आठवडे मिळवा. पालक आणि कोथिंबीर 10 ते 20 ऑगस्ट, लेट्यूस ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात ट्रेमधे, कॉर्न सॅलड आणि क्लेटोनिया (दोन्ही सॅलडच्या पानांचे प्रकार, चिवट, थंडीला अजिबात दाद न देणारे) ऑगस्टअखेर. ऑगस्टमधला प्रत्येक दिवस महाग आहे, तेव्हा आठवडाभर आळस केला तर काढणी आठवडाभर नाही, तीन-तीन आठवडे पुढे जाते, सप्टेंबरअखेर पेरलेलं तर थेट मार्चमधे. लेट्यूसचं बी 25-30 अंशांच्या वर रुसतं, सुप्तावस्थेत जातं, आणि ऑगस्टमधलं ग्रीनहाऊस म्हणजे भट्टी, त्यामुळे ट्रे घराच्या उत्तरेच्या बाजूला सावलीत ठेवायचे.

तरी ऑक्टोबरची पेरणी पूर्ण बाद केली नाही. दक्षिणेच्या वाफ्यात टोमॅटो गेल्यावर थोडा पालक अजूनही टाकतात ते, पण आता माहीत असतं की हा फेब्रुवारी-मार्चसाठी आहे. लहान रोपं थंडी मोठ्या झाडांपेक्षा चांगली सोसतात आणि उजेड वाढला की त्यांची मुळं तयार असतात, वसंतात पेरलेला कुठलाही पालक त्यांना गाठू शकत नाही. म्हणजे काकांचा “फसलेला” पालक मुळात फसलेला नव्हता, चुकीच्या महिन्यात त्याच्याकडून अपेक्षा होती एवढंच.

थंडीसाठी फ्लीसचं कापड, ते पांढरं हलकं न विणलेलं, जाड तारेच्या कमानींवर जमिनीपासून फूटभर उंच. एकेरी काच रात्री बाहेरच्यापेक्षा जेमतेम दोन अंश देते, हे वहीतच दिसत होतं. त्याच्या आत कापड टाकलं की वाफ्यावर आणखी 2 ते 4 अंश मिळाले, कारण जमीन रात्री जी उष्णता सोडते ती तिथेच अडकते. बाहेर उणे 7 असताना कापडाखाली उणे 2. पालकाला उणे 2 म्हणजे काहीच नाही.

यावरून काकूंचा एक सकाळचा फोन. “अरे, सगळं गोठलंय, पानं काचेसारखी झालीयेत, काढून टाकू का?” मी म्हटलं काकू हात लावू नका, अकरानंतर बघा. पालकाचं पान गोठतं तेव्हा बर्फ पेशींच्या बाहेरच्या फटीत धरतो, पेशींमधे साखर वाढलेली असते त्यामुळे आतलं वाचतं, सकाळी पान काळपट हिरवं, पारदर्शक, जमिनीला चिकटल्यासारखं दिसतं आणि ऊन लागलं की तासा-दोन तासांत देठापासून हळूहळू उभं राहतं, रंगही परत येतो. गोठलेलं असताना खुडलं किंवा नुसतं चिमटीत धरून वाकवलं तरी पेशी फुटतात, मग वितळल्यावर लगदा. दुपारी खुडायचं. गोडीही त्या साखरेमुळेच, जानेवारीतला पालक आणि मे मधला पालक एकाच पाकिटातला आहे हे सांगूनही खरं वाटत नाही.

दुपारी खुडण्याचं दुसरंही कारण आहे. कमी उजेडात पालेभाजीत नायट्रेट साठतं, कारण मुळं ते घेत राहतात पण पान उजेडाअभावी ते वापरू शकत नाही. युरोपियन युनियनच्या नियमात हे चक्क धरलेलं आहे, झाकून वाढवलेल्या लेट्यूसला 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर या काळात किलोमागे 4000 मिलिग्रॅमची मर्यादा, हिवाळ्याच्या सहामाहीत 5000. दिवसभर ऊन खाल्लेल्या पानात ते थोडं कमी असतं. आणि म्हणूनच हिवाळ्यात वाफ्याला वरखत, लिक्विड खत वगैरे काही द्यायचं नाही.

तर निकाल: पहिल्या सुधारित हिवाळ्यात उत्तरेच्या एका वाफ्यातून डिसेंबर-जानेवारीभर खुडणी झाली, पण हे नीट समजून घ्या, वाढ होत नव्हतीच, साठा खुडत होते. ऑक्टोबरमधे जेवढं उभं केलं तेवढंच फेब्रुवारीपर्यंत पुरवायचं. काकांना हे पचायला वेळ लागला, नोव्हेंबरमधेच निम्मं संपवलं त्यांनी, आणि जानेवारीत वाफ्याकडे बघत बसले. ग्रीनहाऊस तेव्हा शेत नसतं, जिवंत फ्रिज असतो.

लेट्यूसचा निम्मा वाफा मात्र करड्या बुरशीने नेला, बोट्रायटिस. थंडीने नाही मेलं ते, ओलाव्याने मेलं. नोव्हेंबरचे ढगाळ, वारा नसलेले आठवडे, काच आतून सतत ओली, छतावरून थेंब ठिबकतायत, आणि काका सवयीने आठवड्यातून दोनदा पाणी घालतायत. देठाशी तपकिरी डाग, मग राखाडी लव, आणि झाड उचललं की देठावरून सुटून हातात येतं. उपाय सोपा पण मनाला पटत नाही असा: नोव्हेंबर ते जानेवारी पाणी जवळजवळ बंद (बोटभर खोल माती चाचपून बघायची, ओली असतेच), दुपारी तासभर दार आणि खिडकी उघडी, कापड बाजूला, थंडी आत आली तरी चालेल. पिवळं पान दिसलं की उचलायचं. पुढच्या हिवाळ्यात लेट्यूस दुप्पट अंतरावर लावलं आणि बहुतेक टिकलं.

वसंतातली अडचण उलटी. मार्चमधे बाहेर 9 अंश, स्वच्छ ऊन, आणि बंद काचेत दुपारी 34. त्यासाठी छताच्या खिडकीला मेणाचा ऑटोमॅटिक ओपनर बसवला, आत मेण भरलेली नळी असते, गरम झालं की मेण फुगतं आणि दांडा ढकलून खिडकी उघडतं, गार झालं की स्प्रिंग बंद करते, वीज लागत नाही. एवढंच की मेण गरम व्हायला काही मिनिटं लागतात, त्यामुळे सकाळी ऊन एकदम आलं तर दार हातानेच उघडावं लागतं. फेब्रुवारीअखेर मावा दिसायला लागतो, पानाच्या मागे, मित्रकीटक अजून झोपलेले असतात त्यामुळे बोटाने चिरडणं हाच उपाय. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन. एप्रिलच्या मध्याच्या आत दिवस 14 तासांच्या वर जातो आणि हिवाळाभर टिकलेला पालक, कोथिंबीर तुरा टाकायला लागतात, ते थांबवता येत नाही, थांबवायचा प्रयत्नही करू नका, उपटा आणि जागा मोकळी करा.

वीज खर्च करायचीच असेल तर ती इथे करा. टोमॅटोच्या बियाला 20 अंशांच्या वर ऊब लागते पण ती ट्रेपुरती, आख्ख्या ग्रीनहाऊसला नाही. काकांनी ट्रेखाली घालायचा छोटा हीटिंग मॅट घेतला आणि वर एलईडीची पट्टी, घरातच, मार्चच्या सुरुवातीला. रोपं ग्रीनहाऊसमधे मेमधे, रात्री 10 च्या वर टिकायला लागल्यावर.

उन्हाळ्याबद्दल फार लिहीत नाही, ते त्यांना येतंच. बगलफूट काढणं, पाणी रोज आणि सारखं (अनियमित पाण्याने फळाचं बूड काळं पडतं), तापमान 30 च्या वर राहिलं तर लाल रंग नीट धरत नाही म्हणून काचेला बाहेरून पांढरा रंग, आणि कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी आला की त्याला खाणारा दुसरा कोळी, फायटोसियुलस, पाकिटातून मिळतो तो सोडायचा.

खरा पेच ऑगस्टचा आणि तो अजून सुटलेला नाही. हिवाळी रोपं सप्टेंबरच्या मध्याला वाफ्यात जायला हवीत आणि तेव्हा टोमॅटो ऐन भरात असतात. काकूंचा हिशोब सरळ, लाल होणारं झाड कुणी उपटतं का? पहिल्या वर्षी तोडगा असा काढला की उत्तरेच्या वाफ्यात उन्हाळ्यात फक्त काकडी लावायची, ती ऑगस्टअखेर तशीही भुरीने थकलेली असते, ती काढून तिथे ट्रेमधली रोपं लावायची, आणि टोमॅटो सगळे दक्षिणेला. कागदावर छान. पण सप्टेंबरच्या मध्याला दुपारचा सूर्य 36-37 अंशांवर, आणि पुरुषभर उंचीच्या टोमॅटोची सावली नेमकी मागच्या वाफ्यावर. ऑगस्टच्या सुरुवातीच्या उन्हात हीच सावली लेट्यूसला बरी वाटली असती, सप्टेंबरमधे तीच मारते. म्हणून आता ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टोमॅटोचे शेंडे खुडतात, आणि महिनाअखेरपर्यंत पिकत असलेल्या घोसाखालची सगळी पानं काढून टाकतात, खाली नुसते दांडे उरतात आणि त्यांच्यामधून ऊन मागे जातं. गेल्या वर्षी झाडं 20 सप्टेंबरला काढली, पूर्ण आकाराचे हिरवे टोमॅटो घरात खोक्यात एक पिकलेलं केळं टाकून ठेवले, 18-20 अंशांना ते लाल होतात, उजेड लागत नाही. काकूंच्या मते चव झाडावरच्याची नाही, आणि ते बरोबरच आहे. काका यंदा 10 तारखेलाच काढू म्हणतायत, काकू म्हणतायत महिनाअखेर, आणि ग्रीनहाऊसमधल्या चार झाडांपैकी दोन काकांच्या तारखेला आणि दोन काकूंच्या, इथपर्यंत बोलणी आलीयेत.